एनआरएलमध्ये दुखापती का वाढल्यात? पोरं नाजूक झालीत म्हणून नाही

तुम्ही विचारलंय की रग्बी लीगमध्ये, म्हणजे इकडे ऑस्ट्रेलियातल्या एनआरएलमध्ये (नॅशनल रग्बी लीग, इथली सगळ्यात वरची स्पर्धा), हल्ली दर सोमवारी जखमी खेळाडूंची यादी एवढी लांबलचक का असते, आणि जुने लोक म्हणतात तसं आताची पोरं नाजूक झालीत का. मी सिडनीच्या पश्चिमेला फिजिओ आहे, बरीच वर्षं क्लब लेव्हलच्या लीग टीम्सबरोबर साइडलाइनला उभा असतो, वर गेलेली पोरंही बघितलीत आणि वरून मोडून परत आलेलीही, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो. नाजूक वगैरे काही नाही, हे आधी सांगून टाकतो. यादी लांबायला दोन वेगवेगळी कारणं आहेत आणि लोक ती एकात मिसळतात. एक म्हणजे आता आपण दुखापत नीट मोजतो आणि दुखावलेल्याला खरंच बाहेर बसवतो, ही चांगली गोष्ट आहे. दुसरं म्हणजे खेळ मुद्दाम जास्त वेगवान केलाय आणि त्यात दम खायची जागा काढून घेतलीय, आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते.

आधी खेळ कसा आहे ते, कारण आपल्याकडे रग्बी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर युनियन येतं, पंधरा जणांचं. लीग वेगळं, १८९५ साली इंग्लंडमध्ये हडर्सफील्डला क्लब फुटले त्यातून निघालेलं. यात १३ जण, ८० मिनिटं, एका टीमला सहा टॅकल मिळतात, म्हणजे तिच्या बॉलवाल्याला सहा वेळा पाडलं की बॉल दुसऱ्या टीमकडे. बॉलवाल्याला पाडलं की तो उठतो, पायाने बॉल मागे सरकवतो आणि पुढचा डाव सुरू. दर टॅकलनंतर डिफेन्सने १० मीटर मागे पळायचं असतं. आधी हे अंतर ५ मीटर होतं, १९९३ ला १० केलं. आता विचार करा, १० मीटर मोकळी जागा म्हणजे दोन्ही बाजूंना धावत येऊन आदळायला पुरेसं अंतर. कबड्डीत चेन रेडरवर पडते तेव्हा रेडर बऱ्याचदा रेषेच्या आसपास वळत असतो, फार वेगात नसतो. इथे ११० किलोचा प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला दांडगा गडी, किकऑफ नंतर पूर्ण रनअप घेऊन सरळ तुमच्या छातीवर येतो आणि तुम्हीही पुढे पळत त्याला भिडता. आणि हे एकदा नाही, एका मॅचमध्ये एका टीमचे तीनशेच्या आसपास टॅकल होतात, मैदानाच्या मध्यावर खेळणारे दांडगे गडी, म्हणजे फॉरवर्ड आणि हूकर, यांच्यातला एकेक जण ३०-४० टॅकल करतो, वर स्वतः बॉल घेऊन आदळतो ते वेगळं.

इथे शाळेतलं फिजिक्स आठवा. धडकेची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे वजन १० टक्के वाढलं तर ऊर्जा १० टक्के, वेग १० टक्के वाढला तर २१ टक्के. लोक नेहमी म्हणतात खेळाडू किती दांडगे झालेत, जिममध्ये किती वेळ घालवतात, ते खरंच आहे पण मला वजनापेक्षा वेगाची भीती जास्त वाटते, कारण वाढलेल्या स्नायूंना निदान धडक झेलायची थोडी ताकद असते, वेगाला गुडघ्याच्या लिगामेंटकडे किंवा मेंदूकडे काही उत्तर नसतं.

आता मोजणीबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. खेळातल्या दुखापती मोजायचं माप असतं दर १००० खेळाडू-तासांमागे किती दुखापती. लीगच्या एका मॅचमध्ये २६ जण ८० मिनिटं मैदानात, म्हणजे साधारण ३५ खेळाडू-तास, म्हणजे १००० तास भरायला २९ मॅच लागतात. इथपर्यंत ठीक. पण दुखापत म्हणायचं कशाला? फिजिओने मैदानात जाऊन हात लावला ती प्रत्येक गोष्ट, का ज्यामुळे पुढची मॅच हुकली तेवढीच? पहिल्या व्याख्येने येणारा आकडा दुसऱ्या व्याख्येच्या कितीतरी पट निघतो. नव्वदच्या दशकातला एखादा रिपोर्ट एका व्याख्येने केलेला आणि आजचा दुसऱ्या, मग दोन्ही शेजारी ठेवून "बघा कसं वाढलं" म्हणणं चुकीचंच. आणि त्या काळी बरगडीत चीर असलेला माणूस इंजेक्शन घेऊन खेळायचा आणि त्याची कुठे नोंदच नसायची. इंजेक्शन आजही देतात, खांद्याच्या वरचा एसी जॉइंट, बरगडी, बोट अशा ठिकाणी, सिडनीचे डॉक्टर जॉन ऑर्चर्ड यांनी यावर बरंच संशोधन केलंय आणि या ठराविक जागांना त्यातल्या त्यात कमी धोका आहे असं त्यातून दिसतं. पण आता निदान ते लिहून ठेवलं जातं.

डोक्याचं बघा. २०२३ च्या सीझनपासून एनआरएलमध्ये कंकशन (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का) झालेल्याने कमीत कमी ११ दिवस बाहेर बसायचं असा नियम झाला. आधी टेस्ट पास झाली की पुढच्या शनिवारी पोरगा खेळायला मोकळा. म्हणजे तीच धडक, तोच मेंदू, पण आधी तो "जखमी" यादीत दिसायचाच नाही आणि आता बहुतेक वेळा एक मॅच तरी हुकते म्हणून दिसतो. शिवाय एचआयए, म्हणजे डोक्याला मार लागल्यावर १५ मिनिटं आत नेऊन तपासणी, आणि व्हिडिओवर रिप्ले बघत बसलेला स्वतंत्र डॉक्टर, यामुळे पूर्वी जे कोणाच्या लक्षातही आलं नसतं, अर्धा सेकंद तोल गेला, हात हवेत ताठ राहिले, ते सगळं पकडलं जातं. त्यामुळे कंकशनचा आकडा वाढला याचं मला वाईट वाटत नाही. कमी आकड्याच्या काळातच खरं नुकसान झालं. कँटरबरी बुलडॉग्जचे माजी खेळाडू स्टीव्ह फोक्स २०१८ ला वारले आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्या मेंदूत सीटीई सापडल्याचं जाहीर झालं, म्हणजे वारंवार डोक्याला मार बसून होणारा तो मेंदूचा आजार. पॉल ग्रीन, ज्यांनी कोच म्हणून नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजला २०१५ ची प्रीमियरशिप जिंकून दिली, ते २०२२ ला गेले आणि त्यांच्याही मेंदूत तेच निघालं. २०२१ मध्ये सिडनी रूस्टर्सचे जेक फ्रेंड आणि बॉइड कॉर्डनर दोघंही डोक्याच्या दुखापतींमुळे काही महिन्यांच्या अंतराने रिटायर झाले, कॉर्डनर त्यावेळी फक्त २९ चा होता. हे बघितल्यावर कोणी "पूर्वीचे लोक उठून खेळायचे" म्हणालं की मला राग येतो.

पण सगळी वाढ मोजणीमुळे असं म्हणून मी हात झटकणार नाही. खेळात खरंच बदल झालेत आणि ते ठरवून केलेत.

पहिला इंटरचेंजचा. बेंचवरचे चार जण वापरता येतात, ते किती वेळा आत-बाहेर करायचे यावर मर्यादा आहे. नव्वदच्या दशकात एक काळ असा होता की कितीही बदल चालायचे, मग २००१ ला मर्यादा १२ केली, २००८ ला १०, २०१६ ला ८. इंग्लंडच्या सुपर लीगनेही २०१९ ला ८ केली. उद्देश काय तर मोठे फॉरवर्ड दमले पाहिजेत, म्हणजे शेवटच्या वीस मिनिटांत छोट्या चपळ पोरांना गॅप सापडतील, ट्राय (गुण) होतील, लोकांना मजा येईल. म्हणजे दमणूक हा दुष्परिणाम नाही, तोच हेतू आहे! आता याला दुसरी बाजूही आहे, बदल कमी म्हणजे फार वजनदार, वीस मिनिटं आदळून बाहेर बसणारा खेळाडू परवडत नाही, त्यामुळे टीम थोडे हलके आणि जास्त फिट लोक घ्यायला लागतात आणि ताज्या दमाचा राक्षस दमलेल्या माणसावर सोडला जात नाही, हा मुद्दा मला पटतो. नुसता इंटरचेंज असता तर मी एवढी तक्रार केली नसती.

पण मग आला सिक्स अगेन. २०२० मध्ये कोविडमुळे सीझन थांबला, मेच्या शेवटी परत सुरू झाला तेव्हा खेळ चालवणाऱ्या, पीटर व्हीलँडिस यांच्या कमिशनने नवीन नियम आणला, की टॅकलनंतर डिफेन्सने बॉल रोखून धरला तर पेनल्टी देऊन खेळ थांबवायचा नाही, रेफरीने इशारा करायचा, घंटा वाजायची आणि टॅकलची मोजणी पुन्हा शून्यापासून. २०२१ ला १० मीटरच्या चुकीलाही हेच लावलं. पेनल्टी मिळायची तेव्हा काय व्हायचं ते आठवा. कोणीतरी बॉल टचला, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर, मारायचा, सगळे चालत चालत पुढे जायचे, पाणीवाला पळत यायचा, अर्धा-पाऊण मिनिट श्वास मिळायचा. हा अर्धा-पाऊण मिनिट टीव्हीवर कंटाळवाणा दिसतो, पण आमच्या धंद्यात तो सोन्यासारखा असतो, त्यातच हृदयाचे ठोके खाली येतात, पाय परत हलायला लागतात. तो गेला. आता सात-आठ-दहा टॅकल सलग करायचे, प्रत्येक वेळी १० मीटर मागे पळायचं, परत पुढे, आणि बेंचवरून सुटका व्हायला बदल फक्त आठ. २०२२ ला हा नियम थोडा मागे घेतला, अटॅक करणारी टीम आपल्याच गोललाइनपासून ४० मीटरच्या आत असेल तेव्हा परत पेनल्टी द्यायची असं केलं, कारण डिफेन्सवाले मुद्दाम चूक करून मोकळे व्हायला लागले होते. पण एकूण खेळाचा वेग वरच राहिला.

दमलेल्या माणसाचा टॅकल कसा असतो ते मी साइडलाइनवरून रोज बघतो. ताजा खेळाडू शेवटचं पाऊल बॉलवाल्याच्या पायाजवळ टाकतो, मग गुडघे वाकवून खांदा लावतो, डोकं बॉलवाल्याच्या पाठीमागच्या बाजूला ठेवतो. दमला की पाय आधीच थांबतात. मग तो लांबून हात टाकतो, वाकत नाही, कंबरेतून फक्त मान पुढे करतो आणि डोकं चुकीच्या बाजूला, समोरच्याच्या गुडघ्यापुढे किंवा कंबरेच्या हाडापुढे जातं. कंकशन फक्त उंच टॅकल खाणाऱ्याला होतं असं लोकांना वाटतं, पण टॅकल करणाराच बऱ्याच वेळा जास्त धोक्यात असतो. आणि दोघंही सरळ ताठ उभे राहून भिडले तर डोक्याला डोकं लागायची शक्यता वाढते, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय.

मग ताठ उभे राहून का भिडतात? कारण ते तसं शिकवलं जातं. बॉलवाल्याचे हात बांधून टाकायचे म्हणजे तो पडता पडता पास (ऑफलोड) देणार नाही, आणि त्याला जमिनीवर जितका उशिरा सोडाल तितका तुमचा डिफेन्स नीट उभा राहतो. यासाठी क्लबांनी कुस्ती आणि जिउ-जित्सूचे कोच ठेवले, मेलबर्न स्टॉर्मने हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात चांगलं केलं, बाकीच्यांनी उचललं. दोन जण वर छातीला, तिसरा मागून पायांना. तिसरा माणूस हीच माझी सगळ्यात मोठी काळजी आहे. वरचे दोघं बॉलवाल्याला उभा धरून ठेवतात, त्याचे पाय जमिनीत रुतलेले असतात, आणि तिसरा मागून लटकून आपलं सगळं वजन त्याच्या पोटऱ्यांवर, घोट्यावर टाकतो. याला हिप ड्रॉप म्हणतात. २०२२ ला ब्रिस्बेनच्या पॅट्रिक कॅरिगनच्या अशाच टॅकलमध्ये वेस्ट्स टायगर्सच्या जॅक्सन हेस्टिंग्जचा पाय मोडला, कॅरिगनला चार मॅचची बंदी झाली. मुद्दाम पाय मोडायला कोणी जात नाही, मी त्या पोरांना ओळखतो त्यांच्या मनात असं काही नसतं, पण दमलेला माणूस पायांवर उभा राहायच्या ऐवजी लटकतो, आणि रक, म्हणजे पाडल्यावर बॉल मागे सरकवायची जागा, लवकर सोडायची घाई असल्यामुळे त्याला पटकन पाडायचं असतं. म्हणजे पुन्हा तोच वेग आणि तीच दमणूक. घोट्याच्या वरची सिंडेस्मोसिस नावाची दुखापत, जी पूर्वी फारशी ऐकू यायची नाही, ती आता एवढी का दिसते त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे. २०१४ मध्ये न्यूकॅसलच्या अ‍ॅलेक्स मॅकिननची मान तीन जणांच्या टॅकलमध्ये मोडली आणि तो कायमचा व्हीलचेअरवर गेला, त्यानंतर उचलून आपटण्याविषयी नियम आणखी कडक झाले, त्याआधी २०१३ ला शोल्डर चार्ज, म्हणजे हात न लावता नुसत्या खांद्याने आदळणं, बंद झाला होता. एकेक वाईट टॅकल बंद होत जातो, पण टॅकलमध्ये तीन माणसं लागतात ही गोष्ट तशीच राहते.

२०२१ च्या मे महिन्यात उंच टॅकलवर एकदम कडक कारवाई सुरू केली, ब्रिस्बेनच्या मॅजिक राउंडमध्ये, म्हणजे सगळ्या मॅच एकाच मैदानावर होतात त्या वीकएंडला, १४ जण सिन-बिनमध्ये (दहा मिनिटं बाहेर) आणि तीन जण त्या मॅचपुरते पूर्ण बाहेर. हेतू शंभर टक्के बरोबर होता. पण त्याच वर्षी खेळ सगळ्यात जास्त दमवणारा करून ठेवलेला, आणि एक माणूस बाहेर गेला की उरलेल्या १२ जणांना १३ जणांची धावपळ करायची. म्हणजे खेळाडूंना दमवायचं, मग दमलेल्या टॅकलबद्दल शिक्षा करायची, मग उरलेल्यांना आणखी दमवायचं. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं.

आता हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) आणि तत्सम दुखापती, ज्यात कोणी धडकलेलं नसतं. टॉम ट्रबोयेविच, लॅट्रेल मिचेल यांच्यासारखे खेळाडू यातच महिनोन् महिने गमावतात, दोघंही उपचारांसाठी पार अमेरिकेत फिलाडेल्फियापर्यंत जाऊन आले. इथे टिम गॅबेट या ऑस्ट्रेलियन संशोधकाचं काम उपयोगी आहे, त्यांनी रग्बी लीगच्याच खेळाडूंवर वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि २०१६ ला मांडलं की जास्त ट्रेनिंग हे मुळात वाईट नाही, अंगवळणी पडलेल्या कामापेक्षा अचानक जास्त काम अंगावर आलं की मोडतोड होते. नुकतंच केलेलं काम भागिले सवयीचं काम या त्यांच्या गुणोत्तराच्या गणितावर नंतर बरीच टीका झाली आणि ती मला रास्त वाटते, आकड्याकडे बघून खेळाडूला खेळवायचं की नाही ठरवू नये. पण मूळ म्हणणं माझ्या टेबलवर रोज खरं ठरतं. जो विंगर ट्रेनिंगमध्ये कधी पूर्ण वेगाने पळतच नाही, "जपतोय" म्हणतो, त्याची मांडी मॅचमध्ये पहिल्याच स्प्रिंटला जाते.

आणि कॅलेंडर. २०२३ पासून १७ टीम, प्रत्येकीला २४ मॅच, वर फायनल्स, प्री-सीझन, आणि मधे स्टेट ऑफ ओरिजिनच्या (न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड) तीन मॅच ज्या कुठल्याही क्लब मॅचपेक्षा जास्त जोरात खेळल्या जातात. बुधवारी ओरिजिन खेळलेला माणूस त्याच वीकएंडला क्लबसाठी उतरलेला मी बघितलाय. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी, रविवारी टीव्हीला मॅच लागतात म्हणून दोन मॅचमध्ये कधी कधी फक्त पाचच दिवस. धडकेनंतर स्नायूंची सूज आणि झीज भरून यायला दोन-तीन दिवस सहज जातात, मग एक दिवस प्रवास, एक दिवस कॅप्टन्स रन (मॅचच्या आदल्या दिवशीचा हलका सराव), ट्रेनिंग करणार कधी? इंग्लंडमध्ये १९९६ ला सुपर लीग सुरू झाली तेव्हा सीझनच हिवाळ्यातून उन्हाळ्यात नेला, चिखलाऐवजी कडक मैदान आलं, खेळ वेगवान झाला, आणि तेव्हाच्या अभ्यासांत दुखापती वाढलेल्या दिसल्या. वेग वाढवला की बिल येतंच, हे तेव्हाही कळलं होतं.

पोरांबद्दल थोडं, कारण इथे आपल्या मराठी घरांतली मुलंही आता ज्युनियर लीग खेळायला लागलीत, पॅरामॅटा-पेनरिथ पट्ट्यात तर दिसतातच. १६-१७ व्या वर्षी एकच चांगला मुलगा शाळेची टीम, क्लबची टीम आणि रेप्रेझेंटेटिव्ह टीम (भागातून निवडलेली) अशा तिन्हीकडे खेळतो आणि तिन्ही कोचना तो त्यांचाच वाटतो. कोणी एकत्र हिशोब ठेवत नाही. त्यात जिम लवकर सुरू होते, स्नायू काही महिन्यांत फुगतात पण टेंडनला तेवढी ताकद यायला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि उंची वाढत असताना तर विचारूच नका. तुमचा मुलगा खेळत असेल तर आठवड्याच्या सगळ्या मॅच आणि ट्रेनिंग एका वहीत तुम्ही स्वतः लिहा, आणि कोचला विचारा टॅकल शिकवताना डोकं कुठे ठेवायचं हे किती वेळ शिकवता. नीट उत्तर आलं नाही तर क्लब बदला.

मुलींच्या बाबतीत गुडघ्याची काळजी आणखी. एनआरएलडब्ल्यू, म्हणजे बायकांची एनआरएल, २०१८ ला चार टीमने सुरू झालं, आता खूप वाढलंय, छान वाटतं बघायला. पण स्त्रियांमध्ये एसीएल (गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट) फाटण्याचा धोका पुरुषांपेक्षा बराच जास्त असतो, आणि बऱ्याच जणींना लहानपणापासून टॅकलचं, उडी मारून उतरायचं ट्रेनिंगच मिळालेलं नाही, कारण त्यांच्यासाठी टीमच नव्हत्या. इथली वाढ थांबवता येण्यासारखी आहे, त्यासाठी आठवड्यातून काही वेळा पंधरा-वीस मिनिटांचा ठरलेला वॉर्मअप पुरतो, फक्त तो सीझनभर नेमाने करायला हवा.

मग करायचं काय? माझं मत विचाराल तर टॅकलवर आणखी शिक्षा वाढवण्याआधी श्वास परत द्या. सिक्स अगेन आणखी कमी करा, तिसऱ्या माणसाने कंबरेखाली यायचं नाही असा साधा नियम करा, पाच दिवसांच्या अंतराने मॅच ठेवणं बंद करा. आणि मॅचपेक्षाही आधी आठवड्याच्या ट्रेनिंगला हात घाला. वर्ल्ड रग्बीने (युनियनची जागतिक संघटना) २०२१ मध्ये युनियनसाठी आठवड्याला जास्तीत जास्त १५ मिनिटं फुल कॉन्टॅक्ट असं मार्गदर्शक बंधन सुचवलं, अमेरिकेच्या एनएफएलमध्ये (तिथलं फुटबॉल) २०११ च्या करारापासून सीझनमधल्या पॅडवाल्या प्रॅक्टिस १४ वर आणल्यात. लीगमध्ये मेंदूला बसणारे धक्के शनिवारी टीव्हीवर दिसतात तेवढेच नसतात, मंगळवारी सकाळी रिकाम्या मैदानावर, कॅमेरा नसताना, स्वतःच्याच टीममेटकडून बसतात. सेन्सर बसवलेले माऊथगार्ड आलेत, ते ट्रेनिंगलाही सक्तीचे करा आणि तो डेटा क्लबच्या कोचकडे नाही तर खेळाडूच्या हातात आणि स्वतंत्र डॉक्टरकडे जाऊ दे.